वॉफल कोन आणि आईची वाटी: उन्हाळ्यातल्या प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल २०२५, शनिवार

दादा आणि वहिनी परवा न्यू जर्सीहून आले. मी सांगितलेली वस्तू वहिनीनं आठवणीनं बॅगेत घातली होती: वॉफल कोन करायचं विजेचं यंत्र. बिजागरीनं जोडलेले दोन गोल तवे, आतून काळा नॉनस्टिक थर, त्यावर उथळ चौकडी. मिटल्यावर मधे जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची फट राहते. आपल्याकडे सर्रास मिळतो तो वॉफल मेकर वेगळा. त्याचे खळगे खोल असतात, वॉफल जाड आणि मऊ होतं, ते गुंडाळता येत नाही. कोनाला उथळ नक्षीचंच यंत्र हवं.

कशासाठी हा खटाटोप, ते आधी लिहून ठेवते. मेच्या शेवटच्या रविवारी आमच्या गच्चीवर पॉट आईस्क्रीम होतं. बाबांनी घेतलेलं लाकडी पॉट अजून आहे, सगळी भावंडं आळीपाळीनं हँडल फिरवतात. गेल्या वर्षी आईच्या हातातून काचेचा बाऊल निसटला. तिचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरतो. काचा गोळा केल्या, दुसरा बाऊल भरला, तर ती म्हणाली, "नको गं, पुरे झालं मला." तिनं आमरसाच्या आईस्क्रीमचा एक चमचाही खाल्ला नव्हता. यंदा तिच्या हातात हलकी, खाता येईल अशी वाटी द्यायची आहे, आणि तिच्या एकटीच्याच हातात वेगळं काही दिसू नये म्हणून सगळ्यांनाच कोन नाहीतर वाटी. तारीख २५ मे. माणसं बावीस.

दादा लगेच अडॅप्टर शोधायला लागला. मी यंत्र उलटं करून खालची पाटी वाचली: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, ८०० वॉट. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. आपल्या २३० व्होल्टवर हे थेट लावलं तर तीच कॉइल जवळपास पावणेचारपट वीज खेचेल, म्हणजे २९०० वॉटच्या वर. कॉइल गेलीच, वर आग लागायची भीती. आज काहीच लावलं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यायला ऑफिसातून परस्पर तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदारांना पाटीचा फोटो दाखवला. "ताई, हजारचा चालेल, पण तुम्ही तासभर सलग लावणार ना? मग पंधराशेचा घ्या, तापणार नाही," ते म्हणाले. सल्ला पटला. २३० चे ११० करणारा, १५०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, साधारण तेवढेच वॉट) ट्रान्सफॉर्मर घेतला. उचलायला दोन हात लागतात. रिक्षात पायाशी ठेवून सदाशिव पेठेत आणला. स्वयंपाकघरात मिक्सरच्या लहान पॉइंटवर न लावता १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावला.

हिशोब लिहून ठेवते, पुढे उपयोगी पडेल. यंत्राला हवेत १२० व्होल्ट, मिळणार ११०. वॉट व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतात, म्हणून ८०० चे उरले साधारण ६७०. थर्मोस्टॅट आहे, त्यामुळे तवे शेवटी तेवढेच तापतील, पण थंड पीठ पडल्यावर पुन्हा वर यायला जास्त वेळ घेतील. ५० हर्ट्झ की ६०, यानं कॉइलला काही फरक पडत नाही.

१९ एप्रिल, शनिवार

पहिलं पीठ. एक अख्खं अंडं, एका अंड्याचा पांढरा बलक, साखर १०० ग्रॅम, मैदा ८५ ग्रॅम, वितळवलेलं लोणी ३० ग्रॅम, चिमूट मीठ, व्हॅनिला. दाटपणा धिरड्याच्या पिठासारखा, पळीतून सलग पट्टी पडते असा.

पहिल्या तीन चकत्या वाया. एक तव्याला चिकटली, कारण पहिल्या वेळेला तुपाचा हात फिरवायचा राहिला. दुसरी अर्धचंद्रासारखी झाली. पीठ मधोमध घातलं होतं. झाकण मिटताना ते बिजागरीकडून पुढे ढकललं जातं आणि हँडलच्या बाजूनं बाहेर येतं. पीठ मध्याच्या थोडं मागे, बिजागरीच्या बाजूला घालायला हवं. तिसरी गोल आली, पण चावली तर आत साखरेचे दाणे कचकन लागले. आपली दाणेदार साखर एवढ्याशा अंड्याच्या ओलाव्यात विरघळत नाही. पुढच्या वेळी मिक्सरमधून काढून.

चौथी चांगली दिसली. बदामी रंग, कडा सारख्या. ताटलीत ठेवून मी लेकीला हाक मारली, ती येईपर्यंत चकती काचेसारखी ताठ झाली होती. गुंडाळायला गेले तर दोन तुकडे.

आईनं तुकडा तोंडात घातला. बराच वेळ चघळला. म्हणाली, "ही तर चिक्की आहे गं."

मला आधी वाटलं ती चवीबद्दल बोलतेय. पण तिचं म्हणणं वेगळं होतं. "पाक गरम असतो तोवर लाटायची. गार झाली की लाटणं उचलून ठेवायचं, मग फक्त मोडायची. तू हिला पोळीसारखी वागवतेयस."

२० एप्रिल, रविवार

रात्रभर आईचं वाक्य डोक्यात होतं. आकडेही तेच सांगतात. पीठ एकूण ३०० ग्रॅम. त्यातलं पाणी (अंड्यातलं, लोण्यातलं, मैद्यातलं मिळून) सुमारे ८०. ते उडून गेलं की उरतात २२० ग्रॅम, आणि त्यातली १०० ग्रॅम साखर. म्हणजे भाजलेला कोन जवळपास निम्मा साखरेचा आहे. तव्यावर ही साखर पाकासारखी वाहती असते, गार झाली की काचेसारखी गोठते आणि मैदा-अंड्याच्या जाळीला ताठ धरून ठेवते. साखरेची अशी काच पूर्ण कोरडी असली तर साठ-सत्तर अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागते. म्हणूनच तव्यावरून काढल्यावर काही सेकंद चकती कापडासारखी वळते आणि मग वळत नाही. पाण्याचा अंश वाढला तर हे तापमान खाली उतरतं, इतकं की साध्या हवेतही ती मऊ पडते. पावसाळ्यात चिक्की चिकट होते ती याचमुळे.

आजचे प्रयोग सगळे काट्यावर. दर चकतीला पीठ ४० ग्रॅम. त्यात पाणी साधारण ११ ग्रॅम, म्हणजे पूर्ण वाळली तर वजन २९.

एक मिनिटावर काढलेली: ३३ ग्रॅम. फिकट, गार झाल्यावरही लवचीक. निरुपयोगी.
दीड मिनिट: ३१ ग्रॅम. मधे कुरकुरीत, कडेला चामट.
एक मिनिट पन्नास सेकंद: ३० ग्रॅम. मोडताना टचकन आवाज.
सव्वादोन मिनिटं: २९ ग्रॅम, पण रंग गडद आणि चव कडवट.

३० ग्रॅम हे माझं लक्ष्य. रंगावरून फसायला होतं, काट्यावरून नाही. वाफेकडेही लक्ष द्यायचं: पहिलं मिनिटभर कडेनं जोरात वाफ येते, तोवर झाकण उघडलं तर चकती मधून फाटून दोन्ही तव्यांना अर्धी-अर्धी चिकटते. वाफ मंदावली की उघडून बघायला हरकत नाही.

कमी वॉटचा परिणामही दिसला. चकती काढून लगेच पुढचं पीठ घातलं तर ती फिकट निघते. तवे तापल्याचा यंत्रावरचा दिवा पुन्हा लागेपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण मिनिट, थांबायचं.

२६ एप्रिल, शनिवार

तुळशीबागेत पोळपाट-लाटण्यांच्या दुकानात मागच्या आठवड्यात सांगून ठेवलेला लाकडी शंकू मिळाला. दुकानदारांनी कातारीकडून करून घेतला. लांबी १५ सेंटीमीटर, तोंडाशी ५ सेंटीमीटर, धरायला मूठ. कातारीनं सांगायच्या आधीच टोक जरा बोथट ठेवलं होतं. अणकुचीदार असतं तर गरम चकती तिथे फाटली असती. काम फार सुरेख आहे. लाकूड उष्णता हळू ओढतं, त्यामुळे गुंडाळताना दोन-तीन सेकंद जास्त मिळतात.

पद्धत बसली ती अशी. दोन्ही हातात सुती हातमोजे, उजव्यात दोन. गरम साखर कातडीला चिकटते आणि चिकटून भाजत राहते, मोज्याशिवाय हात लावायचा नाही, लेकीनं तर नाहीच. चकती सुती पंचावर टाकायची, शंकूचं टोक कडेपासून जरा आत, आणि एका दमात गुंडाळायची. टोकाशी घट्ट, वर सैल. मग जोडाची बाजू खाली दाबून वीस सेकंद धरायची. पंचाचा उपयोग असा की एका बाजूनं तो उचलला की चकती शंकूभोवती आपोआप चढते, आळूवडीचा रोल करतो तसंच.

आज अकरा कोन. सात चांगले, दोघांच्या टोकाला भोक, दोन उशीर होऊन मोडले. भोकाचा उपाय तसा सोपा: आत टोकाशी वितळवलेलं चॉकलेट चमचाभर. ते गोठलं की बूच.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया

आमरस-पुरीचं जेवण झालं. दुपारी आईच्या वाटीला सुरुवात.

आई अंडं खात नाही, त्यामुळे पीठच वेगळं हवं. अंडं इथे दोन कामं करतं: लोणी आणि पाणी एकत्र धरून ठेवतं, आणि तापल्यावर घट्ट होऊन चकतीला ताण देतं. ते काढून नुसतं दूध घातलं तर लोणी वर तरंगलं, चकती तुपकट आणि भुसभुशीत झाली. दूध कोमट करून घातल्यावर लोणी फुटलं नाही, पण कुरकुरीतपणा नाही तो नाहीच.

आई म्हणाली, "घावनाला काय घालतेस?"

तांदळाची पिठी. १५ ग्रॅम मैदा काढून तेवढी पिठी घातली. फरक पहिल्याच चकतीत कळला.

१ मे, गुरुवार

सुट्टी. गुळाचा प्रयोग केला, चिक्कीच्या उपमेनं मोह झाला म्हणून. साखरेच्या जागी सगळा गूळ. चकती दीड मिनिटातच काळपट, आत ओली. जास्त ठेवली तर करपते. चव मात्र अप्रतिम, खरवसाच्या जवळ जाणारी. पण गुळात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं. ते लवकर तांबूस होतं आणि हवेतला ओलावा ओढतं. पाऊण तासात कोन वाकायला लागला. चिक्कीत गुळाचा पाक आधीच कडक आटवून घेतलेला असतो, तशी सोय इथे नाही. गूळ बंद. फक्त १० ग्रॅम, वासापुरता, बाकी साखर, हे चालतं.

४ मे, रविवार

बिनअंड्याचं पीठ ठरलं. मैदा ८५, तांदळाची पिठी १५, पिठीसाखर ९५, लोणी ४०, कोमट दूध १२० मिलिलिटर, मीठ, वेलदोडा. व्हॅनिला काढलं, आईला वेलदोडाच हवा. अर्धा तास झाकून ठेवायचं, मैदा भिजतो आणि फेटताना आलेले बुडबुडे निघून जातात. यात पाणी जास्त, सुमारे ३५ टक्के, म्हणून दर चकतीला ४५ ग्रॅम घालून पुन्हा ३० ग्रॅमवर आणायची. वेळ सव्वादोन मिनिटं, तवे एक आकडा कमी ठेवून.

या चकतीचे कोन नीट होत नाहीत. अंड्याचा ताण नसल्यानं टोकाशी घट्ट गुंडाळताना चिरते. मी सहा फोडले. पण वाटीला तेवढं वाकावंच लागत नाही. उपडी वाटी, तिच्यावर चकती, वरून पंचा घालून दोन्ही तळव्यांनी खाली दाबायचं. कडेला आपोआप झालर पडते.

पहिल्या दोन वाट्या झालरीच्या घडीत तडकल्या. कारण स्टीलची गार वाटी. स्टील उष्णता झटकन ओढून घेतं, चकती बसायच्या आत ताठ होते. वाटी गरम पाण्यात बुडवून, पुसून, बाहेरून तुपाचा पुसट हात दिला. मग एकही तडकली नाही. वाटी आमटीची घेतली, तळाशी सपाट, म्हणजे ताटलीत स्थिर बसते.

आईनं रिकामी वाटी दोन्ही तळहातांत धरली. हात थरथरत होता, वाटी नव्हती. का ते मला लगेच कळलं नाही. कोन चिमटीत धरावा लागतो, सगळा भार बोटांवर. वाटी ओंजळीत बसते. झालरीच्या घड्यांत तिची बोटं आपोआप अडकली. मी झालर शोभेसाठी ठेवली होती. आता ती मुद्दाम खोल ठेवायची.

१० मे, शनिवार

आज भाजणं नाही, लाइट जाऊन-येऊन होती. लेकीला शाळेच्या वहीसाठी कोनाचा इतिहास हवा होता, तो सांगताना मलाच एक गोष्ट नव्यानं दिसली.

अमेरिकेत सगळे १९०४ सालच्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनाचं नाव घेतात. तिथे अर्नेस्ट हमवी हा सिरियातून आलेला विक्रेता ‘झलाबिया’ विकत होता: लोखंडी साच्यात भाजलेली पातळ, जाळीदार चकती. शेजारच्या आईस्क्रीमवाल्याच्या बशा संपल्या आणि हमवीनं गरम चकती गुंडाळून दिली, अशी ती कथा. त्या प्रदर्शनातल्या इतरही विक्रेत्यांनी हा मान आपलाच म्हणून सांगितला, त्यामुळे पहिला कोण यावर एकमत नाही. पण ‘झलाबिया’ ऐकून आई एकदम म्हणाली, "म्हणजे जिलबी!" आणि खरंच, आपली जिलबी त्याच अरबी शब्दाशी नातं सांगते. एकाच नावाचे दोन पदार्थ, एक तिकडे साच्यात भाजला गेला, एक इकडे तळून पाकात पडला.

त्याच्याही आधी, १५ डिसेंबर १९०३ ला, न्यूयॉर्कमधल्या इटालो मार्चिओनी यांना अमेरिकन पेटंट मिळालं होतं, क्रमांक ७४६९७१. ते गुंडाळलेल्या कोनाचं नव्हतं. आईस्क्रीमसाठी खाता येण्याजोगे छोटे कप पाडायच्या साच्याचं होतं. म्हणजे त्या कागदावर वाटीच आधी आली. हे वाक्य लेकीनं वहीत दोनदा अधोरेखित केलंय.

१७ मे, शनिवार

टिकण्याची परीक्षा. महिनाभर मी निर्धास्त होते, कारण एप्रिलमध्ये दुपारी खोलीतला आर्द्रतेचा काटा २० ते २५ टक्के दाखवायचा. तेव्हाचे कोन उघड्या ताटलीत दोन-अडीच तास कुरकुरीत राहिले. पुण्याचा कोरडा उन्हाळा ही या कामातली मोठी मदत होती आणि मी ती हिशोबातच धरली नव्हती.

आज काटा ५५. उघड्यावरचा कोन ४० मिनिटांत चामट. डब्यातले मात्र ठीक. चकलीचा जुना पितळी डबा काढला, झाकण घट्ट बसतं. आणखी एक शिकले: कोन पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात घालायचे नाहीत, पण गार झाल्यावर एक मिनिटही बाहेर ठेवायचे नाहीत.

२० मे, मंगळवार

संध्याकाळी धो धो पाऊस. मेमध्ये वळीव येतो आणि जातो, पण हा वळवासारखा नाही, हवा नंतरही गार आणि ओलीच राहिली. काटा ८२. शनिवारच्या डब्यातला एक कोन बाहेर काढून घड्याळ लावलं: बारा मिनिटांत कड वाकली. त्यात आईस्क्रीम घातलं असतं तर आठ.

रविवारला पाच दिवस. गच्चीवर बावीस माणसं, आणि वाटणी व्हायलाच पंधरा मिनिटं जातात.

आईला म्हटलं, वाट्या रद्द करू का? स्टीलच्या घेऊ.

ती म्हणाली, "चिक्की पावसाळ्यात कोणी खातच नाही की काय? डबा उघडायचा, खायची, झाकण लावायचं."

२१ मे, बुधवार

दोन शत्रू वेगळे केले. आतून येणारा ओलावा आईस्क्रीमचा, बाहेरून येणारा हवेचा.

आतल्यासाठी चॉकलेटचा थर. हे काही नवीन नाही. इटलीतल्या नेपल्सच्या स्पिका कंपनीनं १९५९ मध्ये कोनाच्या आतून तेल, साखर आणि चॉकलेटचा थर देऊन तो मऊ पडण्यापासून वाचवला. चरबीतून पाणी पुढे जात नाही, इतकंच त्याचं तत्त्व. मी रविवार पेठेतून डार्क कंपाउंड आणलं. खऱ्या चॉकलेटला टेंपरिंग (नीट गोठावं म्हणून तापमान सांभाळत वितळवणं आणि गार करणं) करावं लागतं, कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते, त्यामुळे ते नुसतं वितळवून ब्रशनं लावलं की गोठतं. दोन पातळ हात, पहिला वाळल्यावर दुसरा. जाड एक हात दिला तर तळाशी साचतो आणि खाताना दाताखाली दगडासारखा येतो. भाजून गार झाल्यावरच लावायचं, हे सांगायला नकोच.

बाहेरच्या हवेसाठी ओव्हन. मऊ पडलेला, चॉकलेट न लावलेला कोन १२० अंशांवर सहा मिनिटं ठेवला. गरम असताना तो लोळागोळा होतो, म्हणून वाट्या पुन्हा स्टीलच्या वाटीवर बसवूनच ठेवायच्या आणि कोन शंकूच्या आकाराच्या कागदी आधारात. गार झाल्यावर पुन्हा टचकन. वजन १.२ ग्रॅमनं कमी झालं, तेवढं पाणी हवेतून आत गेलं होतं.

म्हणजे क्रम असा: शनिवारी भाजणं, डब्यात. रविवारी सकाळी ओव्हन, लगेच चॉकलेट, लगेच पुन्हा डबा. डबा गच्चीवर बंदच न्यायचा, एका वेळी चारच बाहेर.

२४ मे, शनिवार

भाजणीचा दिवस. दोन्ही पिठं रात्रीच फ्रिजमध्ये करून ठेवली होती, तासभर आधी बाहेर काढली; थंड पीठ घातलं तर तवे आणखी मागे पडतात.

सकाळी साडेसहाला यंत्र लावलं. वहिनी पीठ तोलून देत होती, मी भाजत आणि गुंडाळत होते, आई टेबलाशी बसून वजन वाचत होती. "एकतीस. परत टाक." "तीस. घे." एकदा तिनं काट्याकडे न बघता नुसत्या रंगावरून तीस सांगितलं आणि काट्यावरही तीसच निघाले. सोळा कोन, अकरा वाट्या, एक तास पंचवीस मिनिटं. मोडले फक्त तीन. ट्रान्सफॉर्मर हाताला कोमट लागत होता, त्याहून जास्त नाही. दुकानदारांचं ऐकलं ते बरं झालं.

दुपारी बातमी आली की मान्सून आज केरळात दाखल झाला. एरवी तो १ जूनच्या सुमारास येतो.

२५ मे, रविवार

पहाटेपासून आभाळ भरलेलं. काटा ७९. ओव्हन, चॉकलेट, डबा, सगळं साडेनऊपर्यंत आटपलं.

बर्फाची लादी दादानं आणली, फोडली. खडे मीठ, बर्फ, खडे मीठ, बर्फ. आमरस-दुधाचं पॉट दुपारी तीनला लागलं. चार वाजता हँडल जड झालं, भाच्याला फिरवेना, म्हणजे झालं. तेवढ्यात सर आली. सगळे पॉट उचलून जिन्याच्या वरच्या पडवीत गेलो. माणसं दाटीवाटीनं पायऱ्यांवर बसली, एकाखाली एक.

डबा माझ्या मांडीवर. झाकण उघडायचं, चार काढायचे, झाकण लावायचं. वहिनी भरत होती, लेक पायऱ्या उतरून हातात देत होती. पहिला कोन आणि शेवटचा कोन यांत अठरा मिनिटं गेली. शेवटचा मीच घेतला, मुद्दाम, तपासायला. आवाज आला.

आईची वाटी सगळ्यात आधी गेली होती. तिनं ती ओंजळीत धरली, चमचा मागितला नाही. झालरीची एक पाकळी मोडली, तिनंच आईस्क्रीम उचललं आणि खाल्लं. मग दुसरी पाकळी. वाटी वरून खाली, गोल फिरवत, हळूहळू लहान होत गेली. शेजारच्या काकू कोन घेऊन तिच्या पायरीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमचं बरंय, माझं सगळं कोपरापर्यंत ओघळलं." आईनं तळाचा चॉकलेटचा तुकडा तोंडात टाकला आणि दोन्ही हात पदराला पुसले.

"अजून एक आहे का गं?" तिनं विचारलं.

होती. अकरातली एक मी तिच्यासाठी राखून ठेवली होती.

८ जून, रविवार

मान्सून २६ मेलाच पुण्यात पोहोचल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. आमचा रविवार त्याच्या आदल्या दिवशीचा. नेहमी तो जूनच्या दहा तारखेच्या आसपास येतो. पुढच्या वर्षी कार्यक्रम दोन आठवडे अलीकडे घ्यायचं ठरलंय.

उरलेल्या दोन वाट्या डब्यात पंधरा दिवस राहिल्या. आज उघडल्या: एक चांगली, एक मऊ, तिच्या तळाला चॉकलेटमधे चीर होती. मऊ वाटी आईनं चहाबरोबर खाल्ली.

तवे पुसून, कोरडे करून, मधे कागद घालून ठेवले. ओल्या फडक्यानं पुसून तसेच मिटायचे नाहीत. यंत्राच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: "फक्त ११० व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नये." खाली दोन्ही पिठांची मापं, आणि आईच्या सांगण्यावरून, तिला लांबून दिसेल एवढं ठळक: ३० ग्रॅम.

संध्याकाळी आई विचारत होती, "तुझी ती इस्त्री ठेवून दिलीस का? संकष्टीला उपवासाचं काही होईल का त्यात, वरीच्या पिठाचं?"

वरीच्या पिठात मैद्यासारखा चिकटपणा नसतो, पण वाटीला तेवढा ताण लागतच नाही. खोकं पुन्हा खाली काढलं. १०० ग्रॅम वरीचं पीठ, १५ ग्रॅम साबुदाण्याचं, बाकी तेच. पीठ अर्धा तास भिजत ठेवलंय.